धर त्याले

कुत्रा चावला असता तर बरं झालं असतं, असं सविताला गेले काही दिवस वाटत होतं, आणि वाटलं की स्वतःचाच राग येत होता. चावला असता तर दाखवायला काहीतरी राहिलं असतं. दाताचे व्रण, इंजेक्शनं, पट्टी. कॉलनीतल्या बायका बघायला आल्या असत्या, कुत्रेवाल्या रितेशची आई तोंड पाडून दारात उभी राहिली असती, आणि त्या रितेशला दहा लोकांनी धारेवर धरलं असतं. पण कुत्रा चावला नाही. तो बगीच्याच्या पलीकडच्या टोकाकडून धावत आला, पुढचे दोन पाय उचलून तिच्या नवऱ्याच्या, आत्मारामांच्या छातीवर उभा राहिला, आणि उजवी बाजू लुळी पडलेला, डाव्या हातातल्या काठीवर कसाबसा तोल सांभाळणारा माणूस जसा पडेल तसे आत्माराम पडले. आधी काठी, मग गुडघा, मग सगळंच. कडेच्या विटांवर कोपर सोलवटलं, एवढंच. रितेश फोन कानाला लावूनच पळत आला. "काका, सॉरी, सॉरी. कुछ नहीं करता वो. खेळायला बघतो फक्त." कुत्रा शेपटी हलवत आत्मारामांची पडलेली टोपी हुंगत होता. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उठवलं, कुणी पाण्याची बाटली पुढे केली, कुणी पाठीवरची माती झटकली, आणि थोड्या वेळात सगळे आपापल्या फेऱ्यांना लागले. काही झालं नव्हतं. सगळ्यांचं एकमत होतं की काही झालं नाही. आणि हे 'काही झालं नाही' सविताच्या घशात असं अडकून बसलं होतं की घास गिळताना आधी ते बाजूला सारावं लागे.

झालं ते घरात झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी त्यांच्या चपला घेऊन पलंगाशी उकिडवी बसली. उजव्या पायाची चप्पल मागे पट्टीचा बंद असलेली, सुटून पडू नये म्हणून मुद्दाम शिवून घेतलेली, ती रोज तिनंच घालायची. तिनं हात पुढे केला आणि आत्मारामांनी डाव्या हातानं पायजम्याचं कापड पकडून आपला उजवा पाय उचलला आणि पलीकडे ठेवला. बसल्या जागी पाय आपणहून बाजूला सरकत नव्हता, म्हणून हातानं हलवला. तिच्यापासून लांब. तिला वाटलं, कोपर दुखत असेल. "अहो, द्या पाय इकडे." "नको." पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांच्या तोंडात जे मोजके शब्द उरले होते त्यातला हा एक. हां, नको, पाणी, ए. बाकीचे सगळे शब्द डोळ्यांपर्यंत येऊन परत जायचे. त्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी नको, आणि मग रोजच नको. बरं, भीती बसली म्हणावं, तर मोनाली आली की उठतात. मोनाली म्हणजे व्यायाम करून घ्यायला एक दिवसाआड घरी येणारी मुलगी, शनवारा भागातून स्कूटीवर येते, काका-काका करत त्यांच्याशी सारखी बोलत राहते. तिच्या खांद्यावर हात टाकून हा माणूस पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन येतो. शेजारच्या शारदानं हात दिला तरी उठतो. आणि सविता जवळ गेली की अंग आखडतो. परवा तर तिनं भाताचा घास पुढे केला तेव्हा त्यांनी आधी तिच्या हाताकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि मग तोंड उघडलं. जसं काही त्या भातात ती काय कालवून आणणार होती.

मोनालीनं जाताना दारात तिला बाजूला घेतलं होतं. "काकू, चालणं यायचं ते आताच येतं. हे सुरुवातीचे महिने गेले ना, की पाय जसा अकडला तसाच राहतो. घरात चार पावलं टाकून काही होत नाही, रोज बाहर खुल्या में ले जाओ." बाहेर म्हणजे कुठं, तर बगीचा. गल्ली पाइपलाइनसाठी उखडून ठेवलेली, मातीचे ढीग आणि खड्डे, धडधाकट बाईनं साडी सावरत जावं अशी. त्यापलीकडे मोठा रस्ता, त्यावर केळीचे ट्रक. अख्ख्या वस्तीत सपाट, बांधलेली, गोल वाट म्हणाल तर ती एक बगीच्यातली. तिथवर पोचायला त्यांना बराच वेळ लागायचा, पण एकदा आत शिरलं की बरं चालायचे. आणि ते नाही जमलं तर पुढचं चित्र सविताला स्पष्ट दिसत होतं, त्यासाठी कुणा डॉक्टरची गरज नव्हती. तो पलंग, पलंगाखालचं भांडं, कूस बदलून दे, पाठ पुसून दे, आणि भिंतीपलीकडे दिवसभर यंत्रमागांची खटखट. तो पलंग आणि ती, दोघं एकमेकांच्या गळ्यात, कोण आधी जातं ते बघत. तृप्ती इंदूरहून फोन करते, "आई, बाबांना घेऊन जातेस ना गं रोज?" आणि सविता "हो" म्हणते, आणि खोटं बोलायला लावलं म्हणून रितेशवर आणखी चिडते.

चिडायला तिच्याकडे जुना साठा होता. नेपानगरला कागद कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होते तेव्हाचा. रावेरकडची मुलगी, लग्न होऊन त्या क्वार्टरांच्या रांगेत आली, आणि पहिल्याच वर्षी एकदा सकाळी नळावर बायकांच्या कसल्याशा बोलण्यावर मोठ्यानं हसली. आत्माराम रात्रपाळी करून आत झोपले होते. ते उठून बाहेर आले, उघडेच, डोळे लाल, आणि सगळ्या रांगेसमोर त्यांनी तिच्या थोबाडीत मारली. मारून परत आत जाऊन झोपले. सविताच्या हातातली बादली तशीच होती, तिच्यातलं पाणी हललं सुद्धा नव्हतं, हे तिला अजून आठवतं. बायका भांडी घासायला लागल्या. सासूबाई, सरुबाई, उंबऱ्यात बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "रातपाळीचा माणूस आहे, झोपमोड झाली त्याची. मनात काही नसतं त्याच्या." मनात काही नसतं. आपल्या लाडक्यांसाठी लोक हे वाक्य तयारच ठेवतात, शिजवून झाकून. आणि गालावर उठलेलं ते कुणाच्या मनातलं होतं मग? त्यानंतर पुष्कळदा झालं, कधी कशावरून, कधी कशावरूनही नाही, आणि सविता मोठ्यानं हसायची थांबली ती थांबलीच. तृप्तीच्या बारशाच्या फोटोतही तिचे ओठ मिटलेले आहेत. मग वय झालं, कारखान्यातून निवृत्त झाले, बुऱ्हाणपूरला हे घर बांधलं, हात उगारणं आपोआप कमी होत गेलं, जसा माणसाचा पान खायचा नाद कमी होतो. आणि एका सकाळी दाढी करता करता आत्माराम न्हाणीघरात कोसळले आणि जो हात चालायचा तोच नेमका गेला. आता त्याच हाताला ती रोज दुपारी कोमट तेल लावते. बोट न् बोट सरळ करते. चोळताना कधीकधी तिला हसू येतं, कधी असं वाटतं की हा हात उचलून त्यांच्याच मांडीवर आपटावा. करत काही नाही. तेल जिरेपर्यंत चोळते.

आणि म्हणूनच ते बगीच्यातलं चालणं तिला हवं होतं, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिथं आत्माराम तिचं ऐकायचे. "उजवा उचला. ठेवा. थांबा जरा. आता डावा." असं ती म्हणायची आणि तो माणूस, ज्यानं आयुष्यभर तिचं एक वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही, तो उजवा उचलायचा, ठेवायचा, थांबायचा. लोक बघायचे. तिची पाठ ताठ व्हायची. एखाद्या सकाळी तर तिला चक्क बरं वाटायचं, चहा चांगला झाल्यावर वाटतं तसं. तेवढा एक तास होता तिचा, उतारवयात मिळालेला, आणि तो एका कुत्र्यानं घेतला. कुत्र्यानं कशाला, त्याच्या मालकानं.

तर एका सकाळी पुन्हा 'नको' ऐकून ती एकटीच बगीच्यात गेली. भांडायलाच गेली. केस नीट विंचरले नव्हते, घरातलीच साडी होती, ओढ्यासारखी सुटली. रितेश बाकावर बसला होता, कुत्र्याचा पट्टा मफलरसारखा स्वतःच्याच गळ्यात टाकून. आणि तो काळा धिप्पाड ब्रुनो झोपाळ्यांखाली खुशाल पळत होता. लहान मुलं आईच्या पाठीमागे लपत होती आणि आया हसत होत्या, कारण रितेश चांगला मुलगा. गणपतीत पुढे असतो, कुणाला दवाखान्यात न्यायचं तर गाडी काढतो. बापाची, चुडामणची, इच्छापूरकडे केळीची बाग आहे, पण पोरात माज नाही, असं सगळे म्हणतात. सवितालाही तो पूर्वी आवडायचा, हेही तिला आता झोंबत होतं.

"रितेश, कुत्रा बांध."

"काकू, निघतोच आहे. बस पाच मिनट."

"आत्ता बांध. तुझ्या कुत्र्यापायी यांचं चालणं बंद पडलं. पाय खाली ठेवत नाहीत."

रितेश उठून उभा राहिला, खरोखरच ओशाळला. "अरे यार. मी येणार होतो काकांना बघायला, लेकिन मम्मी बोली की काकू गुस्सा आहे, अभी मत जा."

"कुत्रा बांध म्हटलं ना मी तुले."

तोवर फेऱ्या मारणारे दोघं-चौघं थांबले होते. शारदा मध्ये पडली. "जाऊ दे व सविता. पोरगं सॉरी म्हणून राह्यलं ना." एक ट्रॅकसूटवाले गृहस्थ, बँकेतून रिटायर झालेले, समजुतीच्या सुरात म्हणाले की मुक्या जनावराला तरी मोकळं फिरायला जागा कुठं आहे शहरात. सविताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आमचे पण मुकेच आहेत आता," ती म्हणाली. "त्यांनी कुठं फिरावं? सांगा ना. तुमच्या अंगणात आणू का?" गृहस्थांनी घड्याळात बघितलं. बाकीच्यांनीही इकडेतिकडे पाहिलं. तेवढ्यात रितेश म्हणाला, अगदी नरम आवाजात, जसं काही तिला सावरून घ्यायला:

"काकू, एक बात बोलू? बुरा मत मानना. तो त्या दिवशी काकांच्या अंगावर जातच नव्हता. गिलहरी के पीछे था. तुम्ही जोर से ओरडल्या ना, 'धर, धर त्याले'? तेव्हा गेला तो."

"मी तुले म्हणत होती. कुत्र्याले धर म्हणून."

"मला माहीत आहे ना काकू. पण त्याला काय माहीत? दोन साल शेतावर होता हा. केळीत डुकरं येतात, तर आमचे रखवालदार याला हेच बोलतात. 'धर' म्हटलं की समोर जे हलून राह्यलं त्याच्यावर जातो. वही सीखा है उसने." तो थोडा हसला. "तुम्ही 'नो' बोलायचं होतं. 'ब्रुनो, नो.' इंग्लिश समजतो."

"म्हणजे भाभी, छू तुम्हीच केलं," ट्रॅकसूटवाले म्हणाले, आणि हसले. मग बाकीचेही हसले. वाईट नाही हसले, प्रकरण मिटलं की माणसं जशी सुटकेनं हसतात तसे हसले. शारदानंसुद्धा पदर तोंडाला लावला.

सविताला वाटलं, आपल्याला इथल्या इथं काहीतरी होणार. "माझ्या नवऱ्यावर कुत्रा येईल, अन् मी आधी विचारू का, बाबा, तू कोणत्या भाषेत शिकला?" तिचा आवाज चिरकला, आणि चिरकला म्हणून ती आणखी जोरात बोलली. "पोर पायरीवरून घसरलं तर आपण धर म्हणतो. दुधाचं पातेलं कलंडलं तर धर म्हणतो. माय मेली माझी हेच म्हणता म्हणता. आता मी माझी बोली तुझ्या कुत्र्याले विचारून बोलू? तो मोकळा, अन् माझ्या तोंडाले पट्टा?" "उद्या मी यांना घेऊन येणार आहे," ती म्हणाली. "हा मोकळा दिसला तर बघ."

"तर काय काकू?" रितेशनं विचारलं. उर्मटपणानं नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती वळली आणि फाटकातून बाहेर पडली.

गल्लीच्या खड्ड्यांमधून घराकडे येताना ती रितेशशी भांडतच होती, मनात, आणि बगीच्यात सुचलं नाही ते सगळं आता ओळीनं सुचत होतं. पण त्या भांडणाच्या मध्येच तिला ते दिसलं. तो दिवस. मोनालीनं सांगितलं होतं म्हणून तिनं आत्मारामांचं कोपर सोडलं होतं आणि ती मागे थांबली होती, थोडं एकट्यानं चालू दे म्हणून. ते पुढे, काठी टेकत, एकेक पाऊल. कुत्रा लांब झाडांमागे सुसाट पळत होता, वाकडातिकडा, त्याचं लक्ष वर झाडावरच्या खारीकडे. ती घाबरली आणि ओरडली. आणि कुत्रा थांबला. हो, थांबला होता. जागच्या जागी, कान उभे करून, एखादा शहाणा गडी मालकाची हाक ऐकून थांबतो तसा. त्यानं तिच्याकडे बघितलं. मग मान फिरवून तिच्यापुढे काय आहे ते बघितलं. मग निघाला. हे सगळं तिनं पाहिलं होतं आणि इतके दिवस डोळ्यांआड ठेवलं होतं. म्हणजे पोरगा खोटं बोलत नव्हता. सविता एका मातीच्या ढिगाशी उभी राहिली. पोरगा खोटं बोलत असता तर किती सोपं झालं असतं, या विचारानंच तिला त्याचा नव्यानं संताप आला. कुत्रा सोडायचा त्यानं, आणि हिशेब चुकवायचा माझ्या शब्दानं.

आणि मग तिला दुसरं आठवलं, आणि ते आठवल्यावर रितेश डोक्यातून पार निघूनच गेला. आत्माराम खकनारकडचे. शेतकऱ्याचं पोर. मूडमध्ये असले की जेवताना तृप्तीला मांडीवर घेऊन लहानपणच्या गोष्टी सांगायचे, मक्याच्या शेतात मचाणावर बसायचो, डुकरांचा कळप आला की आमच्या मोत्याला नुसतं 'धर' म्हणायचं, बस, मग डुक्कर पुढे आणि मोत्या मागे. तृप्ती खिदळायची आणि पुन्हा म्हणा म्हणायची, आणि ते पुन्हा म्हणायचे. तर जे कुत्र्यानं ऐकलं तेच त्यांनी ऐकलं होतं. त्यांना शब्द बोलता येत नव्हते, ऐकू सगळे येत होते. मागून बायकोचा आवाज आला, धर, धर त्याले, आणि समोरून कुत्रा आला. ते कुत्र्याला भीत नव्हते. ते पाय कुत्र्यापासून ओढून घेत नव्हते.

हे कळल्यावर पहिल्यांदा सविताला जे वाटलं ते वाईट वाटणं नव्हतं. तिला बरं वाटलं. आंबट कैरीला तिखट-मीठ लावून खाताना जिभेला वाटतं तसं, झणझणीत. हा माणूस मला भितो. ज्याच्या चपलेचा आवाज दारात आला की मी पोळीचा गोळा हातातच धरून ठेवायची, तो माझ्या हाताकडे बघून घास घेतो. घराच्या पायरीवर बसून तिनं ती चव पुरती घेतली. मग ती चव उतरली आणि तळाशी राग होता तो उघडा पडला. इतक्या वर्षांत ओळखलं काय मला? आजारपणात गू-मूत काढलं, तेल लावलं, भरवलं, आणि एका शब्दावर असं ठरवलं की हिनं कुत्रा घातला अंगावर? आणि त्यात मी म्हणाले काय, तर 'त्याले'. यांना मी कधी 'त्याले' म्हणीन का? जन्मभर अहो-जाहो केलं. 'त्यांले' म्हटलं असतं ना, यांच्याबद्दल बोलायचं असतं तर. 'त्याले' म्हणजे कुत्र्याले, हे शेंबड्या पोरालाही कळेल. सविताला हा पुरावा इतका पक्का वाटला की ती तशीच उठून आत जाऊन त्यांना सांगणार होती. पण उठता उठता ती परत बसली. कारण अहो-जाहो तोंडात होतं. क्वार्टरच्या मोरीत, दाराला आतून कडी घालून, तोंडावर गार पाणी मारताना ती मनात काय म्हणायची? तो. मेला तो. हात झडो त्याचा. वर्षानुवर्षं मनात ती त्यांना 'तो'च म्हणत आली होती. मग त्या दिवशी बगीच्यात जे तोंडातून निघालं ते तोंडातलं होतं की मोरीतलं? तिनं पुष्कळ आठवून बघितलं. कुत्रा दिसला, भीती दिसली, रितेश दिसला फोनवर बोलत असलेला. आणि यांची पाठ दिसली, पांढरा सदरा, एकटी चाललेली. त्या पाठीकडे बघून आत काय होतं ते मात्र तिला काही केल्या आठवेना. नव्हतं काही, असं छातीवर हात ठेवून सांगता येईना. होतं, असंही म्हणवेना. आणि हा असला विचार करायला आपल्याला बसवलं म्हणून ती कुत्र्यावर, पोरावर, हसणाऱ्या शारदावर आणि आत पलंगावर बसून भिंतीकडे बघणाऱ्या त्या माणसावर सारखीच चिडत राहिली. दिवसभर तिची भांडी आपटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चपला घेऊन आली, पण उकिडवी बसली नाही. स्टूल ओढून त्यांच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. आत्मारामांनी सवयीनं डावा हात पायजम्याकडे नेला.

"राहू द्या पाय," ती म्हणाली. "माझ्याकडे बघा. मी कुत्रा सोडला तुमच्यावर, असं वाटून राह्यलं तुमाले?"

ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हां." त्यांचा 'हां' सगळ्याला असायचा, भूक लागली तरी हां, ऊन आलं तरी हां. पण हा कशाचा होता ते तिला बरोबर कळलं.

मग ती सांगायला लागली. रितेशच्या बापाची केळी, डुकरं, रखवालदार, दोन वर्षं शेतावर होता, त्याला तोच शब्द माहीत, मी पोराले म्हणत होती, तो फोनवर होता, मी घाबरली होती. ती भराभरा सांगत गेली आणि ते ऐकत गेले, मान किंचित तिरकी, ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळलेला, डोळ्यांत काही हललं नाही. आणि सांगता सांगता सविताला स्वतःचा आवाज ऐकू आला. हाच आवाज होता. नळावर मी नव्हती हसली, ती शेजारची लक्ष्मी हसली. मीठ मी टाकलं होतं, डबा सादळला होता. हा आवाज तिनं कित्येक वर्षं लावला होता, असाच, भराभरा, समोरच्या चेहऱ्याकडे बघत, आता काय होतं त्याची वाट बघत. अर्धा माणूस मेला तरी मी अजून याच्यासमोर सफाई देते आहे. ती मध्येच थांबली.

"मुद्दाम करायचं असतं ना," ती म्हणाली, आणि हे भराभरा निघालं नाही, "तर तुमचा हा हात चालत होता तवा केलं असतं. तुम्ही मारून झोपून जायचे. मी जागी राहायची. तवा केलं असतं. आता कशाले करू? आता तुम्ही पडले तर उचलायले मीच आहे."

एवढं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल खड्ड्यातून आदळत गेली. आत्मारामांनी मान खाली घातली आणि मांडीवर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, एखादी वस्तू कुणाची आहे म्हणून बघतात तसं. त्यांचं तोंड हलायला लागलं. शब्द येऊ घातला की त्यांची हनुवटी आधी थरथरायची. मोनालीनं सांगून ठेवलं होतं, काकू, त्यांना शब्द देऊ नका, शोधू द्या. एरवी सविताला तेवढा धीर नसायचा, ती पटकन पाणी का, खायला का, असं विचारून मोकळी व्हायची. आज तिनं काही दिलं नाही. हात पदरात घट्ट धरून बसून राहिली.

"तवा," ते म्हणाले. मग पुन्हा नुसतीच हनुवटी. कपाळावर घाम आला. "तवाच..."

ती बसून राहिली.

"तवाच करायचं होतं."

झटक्यानंतरचं त्यांचं पहिलं अख्खं वाक्य. खरं तर तिनं उठून तृप्तीला फोन करायला हवा होता, मोनालीला सांगायला हवं होतं, देवापुढे साखर ठेवायला हवी होती. आणि तिला इतका राग आला, इतका, की कानात मागांची खटखट सुद्धा ऐकू येईना. तोंड धड होतं तेव्हा कुठं होतं हे? सगळी जीभ शाबूत होती, सगळे शब्द हाताशी होते, तीस वर्षं शेजारी झोपत होता, तेव्हा एक शब्द निघाला नाही, आणि आता, माफ करायचं की नाही हे ठरवायची सुद्धा सोय राहिली नाही तेव्हा, घाम गाळून हे वाक्य आणून ठेवता माझ्यासमोर? आत्माराम रडत होते. डाव्या डोळ्यातून नीट, उजव्यातून कसंतरी. सविता रडली नाही. तिनं खाली वाकून त्यांचा पाय धरला. पाय तिच्या हातात आला, त्यांनी ओढला नाही. तिनं चप्पल घातली, बंद नेहमीपेक्षा जोरात आवळला. पदरानं त्यांचं तोंड पुसलं, तेही नेहमीपेक्षा जोरात.

"उठा," ती म्हणाली.

त्यांनी डावा हात तिच्या खांद्यावर टाकला आणि सगळं वजन दिलं. गल्लीतल्या एका ढिगापाशी ते अडखळले, तिनं कमरेला विळखा घालून त्यांना उभं केलं, आणि ते पुन्हा चालायला लागले. बगीच्याशी पोचेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं, फेऱ्या मारणारे परतायला लागले होते. ब्रुनो झोपाळ्यांपाशी मोकळाच होता. त्यांना बघून त्यानं मान वर केली. खांद्यावरची बोटं रुतली, पण हात निघाला नाही. राग जराही उतरला नव्हता. त्याच रागात ती त्यांना घेऊन फाटकातून आत शिरली, आणि बाकावरच्या रितेशनं तिचं तोंड एकदा बघितलं आणि ती काही बोलायच्या आधीच उठून कुत्र्याला पट्टा लावला.